मखमलचा आडोसा

ज्या सकाळी मखमल हरवल्याचे कळले, त्या सकाळी दारात कापसाचा टेम्पो येऊन उभा होता. नागेश ड्रायव्हरने मागचा फळका खाली पाडला होता. पुढच्या खोलीतला कापूस भरायला चार माणसे आत आली होती. सिताराम बाबा रोजच्या सवयीने माझ्या काचेच्या पेटीजवळ आले. पाण्यासाठी वाटीसारखे ठेवलेले झाकण भरायला त्यांनी हात पुढे केला आणि तो हात तसाच राहिला. पेटीवरची जाळी एका कोपऱ्यात दोन बोटे उचललेली होती. पेटीत माती होती, पाणी होते, मी होतो. मखमल नव्हती.

"थांबा रे," बाबा म्हणाले. "कापसाला हात लावू नका कुणी."

मित्रांनो, पुढे काय झाले ते सांगायची मला फार घाई झाली आहे. पण मी कोण हे आधी सांगितले नाही तर तुम्हाला काहीच कळायचे नाही. मी एक जुना आडोसा आहे. मातीचा, वीतभर लांब, कौलासारखा वाकलेला, एका बाजूने बंद आणि दुसऱ्या बाजूने उघडा. माझ्या पोटाखाली मखमल राहत असे. मखमल ही कोळ्याची मादी आहे, पण तुमच्या घरात आढ्याला जाळे विणते तसली नव्हे. तळहाताएवढी मोठी, काळीभोर, पायांच्या सांध्यांवर नारिंगी पट्टे आणि अंगभर मऊ लव. या जातीला टॅरँटुला म्हणतात. ती जाळ्यात लटकत नाही, बिळात बसते. पेटीत बीळ नसते, म्हणून तिला माझ्यासारखा आडोसा लागतो. आडोसा नसेल तर ती खात नाही, एका जागी बसत नाही, भिंती चढत राहते आणि पडून मरते.

वालूरच्या या घरात ती राजेश्रीताईंमुळे आली. राजेश्रीताई म्हणजे सिताराम बाबांची एकुलती मुलगी. प्राणिशास्त्र शिकताना त्यांनी पुण्याच्या एका माणसाकडून तिला रीतसर कागद करून आणले होते. पुढे त्यांना चंद्रपूरला शिकवायची नोकरी लागली. तिथे घरमालकाने पेटी बघूनच नकार दिला. मग त्या ती पेटी मांडीवर घेऊन एसटीने वालूरला आल्या आणि आईला म्हणाल्या, दोन महिने सांभाळ. त्याला आता चार वर्षे होतील.

त्यांची आई म्हणजे चांगुणाबाई. ज्यांनी मला केले त्या.

पहिल्या दिवशी चांगुणाबाई पेटीसमोर बराच वेळ बसल्या. पेटीत तेव्हा प्लॅस्टिकची एक अर्धी नळी होती आणि मखमल तिच्या बाहेरच अंग चोरून बसली होती. चांगुणाबाई म्हणाल्या, "ही तर उघड्यावर हाय. हिला ना दार ना आड. अशी कोण राहील?" झाले. दुसऱ्या दिवसापासून त्या कामाला लागल्या.

आधी त्यांनी नारळाची करवंटी पालथी घातली. मखमलचे चार पाय आत आणि चार बाहेर राहिले. मग वाळलेल्या भोपळ्याचा अर्धा भाग ठेवला. तो दहा दिवसांत बुरसला आणि खोलीभर वास सुटला. मग फुटक्या माठाचे खापर ठेवले. त्याची धार बघून त्यांनी स्वतःच ते काढून टाकले. शेवटी त्यांनी शेतातली काळी माती मळली. वालूरच्या काळ्या मातीचा स्वभाव तुम्हाला ठाऊक असेल, ओली असताना सोडत नाही आणि वाळली की फाटते. तीन आडोसे वाळता वाळता तडकले. चौथ्या वेळी त्यांनी ओढ्याकाठची पांढरट माती आणली, चाळली, आणि तिच्यात घरचाच कापूस बारीक पिंजून घातला. चूल घालताना भुसा घालतात ना, तसा. शेण मात्र घातले नाही, कारण पेटीच्या ओलाव्यात शेणाला बुरशी येते हे त्या भोपळ्यावरून शिकल्या होत्या.

आता साचा हवा होता. तांब्या फार गोल होता, पाटी फार सपाट होती. चांगुणाबाई उंबऱ्यावर बसल्या, पातळ गुडघ्याच्या वर घेतले, गुडघ्यावर ओले फडके टाकले आणि त्यावर मातीची पोळी थापली. मित्रांनो, माझी पाठ जी अशी वाकलेली आहे, ती चांगुणाबाईंच्या गुडघ्याची आहे. मग त्यांनी ओल्या अंगठ्याने माझी कड गुळगुळीत केली. एकदा नाही, सात-आठ वेळा. मध्येच स्वतःच्या गालावर ती कड घासून बघितली. मला वाळवले, भाजले आणि पेटीत ठेवले.

त्या दुपारी काय गंमत झाली म्हणून सांगू! मखमल आली. पुढचा एक पाय तिने माझ्या कडेला लावला. काढला. पुन्हा लावला. मग माझ्या पाठीवरून फिरून आली, तोंडाशी थांबली, वळली, आणि उलट्या पावलांनी सरकत सरकत पूर्ण आत गेली. आठही पाय आत. चांगुणाबाईंनी अशी हाक मारली की शेजारच्या सुलाबाई पिठाचे हात घेऊन धावत आल्या. सुलाबाई म्हणजे सिताराम बाबांच्या चुलत भावाची बायको. पेटीत बघून त्या म्हणाल्या, मला वाटलं राजेश्रीला स्थळ आलं, तर तुमचा कोळी घरात गेला होय.

मग माझे दिवस पालटले. राजेश्रीताईंनी माझा फोटो काढून असे प्राणी पाळणाऱ्यांच्या गटात टाकला. नाशिकहून, सांगलीहून विचारणा झाली. चांगुणाबाईंनी माझ्यासारखे अकरा आडोसे केले. छोट्या कोळ्यांसाठी त्या मनगटावर थापत, मोठ्यांसाठी गुडघ्यावर. कापसात गुंडाळून ते एसटीच्या पार्सलने जात. कुठूनतरी फोटो यायचा, त्यात माझा भाऊ आणि त्याच्या तोंडातून डोकावणारे दोन पाय. चांगुणाबाई तो फोटो गल्लीभर दाखवत. सुलाबाई चिडवत, सकाळी पंचशीलात जीव मारायचा न्हाई म्हणायचं आन संध्याकाळी हिच्यासाठी नाकतोडे धरायचे, हे कसं काय बाई? त्यावर चांगुणाबाई म्हणत, तिला भाकरी चालत असती तर भाकरी दिली असती.

सिताराम बाबा या सगळ्यापासून लांब असत. त्यांना मखमलची भीती वाटत असे. ते तसे म्हणत नसत, पण पेटीजवळून जाताना भिंतीला धरून जात.

मागच्या वर्षी डिसेंबरात चांगुणाबाई गेल्या. दोन दिवस ताप होता. दवाखान्यात नेले, तिथून त्या परत आल्या नाहीत.

आठ दिवस माझ्याकडे कुणी बघितले नाही. पाण्याचे झाकण कोरडे पडले. नवव्या दिवशी सिताराम बाबा पेटीपुढे येऊन उभे राहिले. जाळी उघडायला त्यांना फार वेळ लागला. शेवटी त्यांनी पाणी घातले. दुसऱ्या दिवशी पुन्हा घातले. मग राजेश्रीताईंना फोन करून एकेक गोष्ट विचारून घेऊ लागले. स्टीलचा डबा घेऊन बांधावर नाकतोडे धरायला जाऊ लागले. सुलाबाई म्हणाल्या, भावजी, द्या की कुणाला तरी ते. तेव्हा बाबा म्हणाले, "चांगुणानं जीव लावलेली एवढीच चीज जित्ती हाय. द्यायची कुणाला?"

तर मित्रांनो, हे असे होते. म्हणून त्या सकाळी पेटी रिकामी दिसली तेव्हा बाबांचा चेहरा मातीसारखा झाला.

पेटीच्या टेबलाखालूनच कापसाचा ढीग सुरू होत होता आणि तो पलीकडच्या भिंतीपर्यंत छातीएवढा गेला होता. मखमल पेटीतून उतरली असेल तर त्यातच उतरली असणार. चार माणसे त्या ढिगात पाय देऊन, कवेत उचलून, टेम्पोत दाबून कापूस भरणार होती. त्यात तळहाताएवढा जीव कितीसा टिकणार?

"मामा, कोळ्यापायी गाडी खोळंबायली," नागेश म्हणाला. "जिनिंग मिलवर नंबर लावलाय मी. तिथं काय सांगू?"

"सांग, घरात बाळंतीण हाय," बाबा म्हणाले.

"आठ पायाची," दारातून सुलाबाई म्हणाल्या.

माणसे हसली. बाबा हसले नाहीत. त्यांनी राजेश्रीताईंना फोन लावला. फोन त्यांनी माझ्याशेजारी टेबलावर ठेवला होता, म्हणून मला सगळे ऐकू आले. बाबांनी एका दमात सांगून टाकले, मखमल हरवली, माझ्याकडून हरवली. मग राजेश्रीताईंनी विचारले, "बाबा, पेटीत काही बदललं का?"

"न्हाई. काहीच न्हाई."

"आडोसा काढला होता?"

"फकस्त चुना द्यायला काढला होता."

"चुना?"

आता तुम्हाला खरे सांगायची वेळ आली. आदल्याच दिवशी, रविवारी, चांगुणाबाईंचा पहिला स्मृतिदिन होता. भंतेजी येणार होते, पाहुणे येणार होते. बाबांनी दोन दिवस आधी कापसावर ताडपत्री टाकून सगळे घर पांढरे केले. चांगुणाबाईंच्या हातच्या सगळ्या वस्तूंना चुना दिला. चुलीला दिला, मागच्या ओट्याला दिला, हात धुवायच्या कट्ट्याला दिला. मग त्यांची नजर माझ्यावर पडली. मला त्यांनी फार जपून बाहेर काढले. "हे बी तिच्या हातचं हाय," ते सुलाबाईंना म्हणाले, "हेच का मळकं राहावं?" आणि त्यांनी मला चुन्याचे दोन हात दिले, आतून एक आणि बाहेरून एक. वर थोडी नीळ टाकली होती. मी अगदी लखलखीत झालो. वंदनेच्या वेळी लोकांनी माझे कौतुक केले. भंतेजींनीसुद्धा वाकून बघितले.

पण चुना म्हणजे चुना. त्याचा वास तिखट, त्याचा स्पर्श जाळणारा, आणि आतून पांढरा झाल्यामुळे माझ्या पोटातला अंधारच गेला. मखमलने पाय लावला आणि चटकन मागे घेतला. दोन दिवस ती उघड्यावर बसली. मी ओरडून सांगू शकत नव्हतो. मला परत ठेवताना जाळीची एक क्लिप लागायची राहिली होती, तिकडून ती रविवारी रात्री गेली.

हे सगळे फोनवर बाबांच्या हळूहळू लक्षात आले. त्यांनी माझ्याकडे बघितले. "म्हणजे मीच तिला घराबाहेर काढलं," ते म्हणाले.

राजेश्रीताईंचा आवाज आता ठाम झाला होता. त्या म्हणाल्या, रडायला नंतर वेळ आहे. ती अंधार शोधते, बाबा. कापूस हळूहळू काढा, दाराकडून भिंतीकडे. भिंतीच्या कोपऱ्यात तिच्यासाठी एक आडोसा ठेवा. दुसरा अंधार उरला नाही की ती त्यात जाईल. कुणी तिला हातात धरू नका.

मग त्या घरात जे काही झाले ते मी आयुष्यात विसरणार नाही. सुलाबाई गल्लीत गेल्या आणि सहा बायांना घेऊन आल्या. शेतात पऱ्हाटीवरून, म्हणजे कापसाच्या झाडावरून, वेचतात तसा, एकेक मूठ, दोन बोटांनी उचलून, बघून, झटकून, कापूस अंथरलेल्या जाड पासोडीत पडू लागला. शेतात एकदा वेचलेला कापूस त्या दिवशी घरात दुसऱ्यांदा वेचला गेला. बाया तिरप्या ओळीत बसल्या होत्या आणि ओळ इंच इंच पुढे सरकत होती. कुणी खोकले तरी सगळ्या दचकत. एकीच्या बोटाला पऱ्हाटीची काडी लागली आणि ती अशी उडाली की तिची मूठ नागेशच्या तोंडावर गेली. नागेश आधी दारातच उभा होता. मग तो चप्पल काढून आत आला आणि ओळीत बसला. जिनिंगच्या नंबराचे त्याने पुन्हा नाव काढले नाही.

तासाभराने त्यानेच तिला बघितले. कापसातून एक काळा पाय बाहेर आला होता, नारिंगी पट्ट्यापर्यंत. "मामा," तो हळूच म्हणाला, "ह्ये बघा." पाय पुन्हा आत गेला. पण ती होती, जिवंत होती. सगळ्यांच्या अंगात वारे भरले.

बाबांनी मला खसाखसा घासले, धुतले आणि कोपऱ्यात भिंतीशी ठेवले. माझी छाती धडधडत होती म्हणा ना. कापूस कमी होत होत पाटीभर उरला. त्याखालून मखमल निघाली. भिंतीच्या कडेने आली, माझ्या तोंडाशी आली, पाय पुढे केला. मी तिला चार वर्षे ओळखत होतो. तिने पाय लावला, लगेच उचलला आणि ती उरलेल्या कापसात परत शिरली. चुना माझ्या अंगात मुरला होता. घासून काय होणार?

सुलाबाईंनी पत्र्याचा डबा आणला. मखमलने तो हुंगलाही नाही. नागेशने स्वतःचा बूट आणला, तेव्हा सुलाबाई म्हणाल्या, त्यात तर माणूसबी जायचा न्हाई.

बाबा उठले आणि मागच्या पडवीत गेले. चांगुणाबाईंनी चाळून ठेवलेली माती तिथे एका पोत्यात तशीच होती. वर्षभर तिला कुणी हात लावला नव्हता. त्यांनी ती परातीत घेतली आणि उंबऱ्यावर बसून मळायला लागले. पण त्यांना अर्धेच ठाऊक होते. किती पाणी, ते सुलाबाईंना ठाऊक होते. कापूस किती, ते बाबांना ठाऊक होते, कारण चांगुणाबाई घरचा कापूस घेत तेव्हा ते मुठी मोजत आणि कुरकुरत. दोघांनी मिळून माती केली. मग बाबांनी धोतर वर घेतले, गुडघ्यावर ओले फडके टाकले आणि पोळी थापली.

"लय हाडकुळा हाय तुमचा गुडघा," सुलाबाई म्हणाल्या. "आडोशाला टेंगूळ येईल."

"येऊ दे."

"कड घासा. चांगुणाअक्का घासायच्या तशी."

बाबा घासू लागले. एकदा, दोनदा, पाच वेळा. मग ते थांबले, त्यांनी तो ओला आडोसा उचलला आणि त्याची कड आपल्या गालावर फिरवली. गालाला चिखल लागला. बायांनी माना खाली घालून कापूस वेचला.

उन्हात तो जेमतेम घट्ट झाला. वेडावाकडा, मधेच फुगलेला, तोंडाने पसरट असा. माझ्याइतका काही तो देखणा नव्हता, हे मी खोटे कशाला सांगू. बाबांनी तो कोपऱ्यात ठेवला आणि मला उचलून बाजूला घेतले. शेवटच्या पाच-सहा मुठी त्यांनी स्वतः वेचल्या.

मखमल उघडी पडली. खोलीतली सगळी माणसे मागे सरकली. ती नव्या आडोशाशी आली. पाय लावला. काढला. पुन्हा लावला. ओल्या मातीचा, अंधाराचा वास तिला आला असावा. ती वळली आणि उलट्या पावलांनी आत गेली. शेवटचा पाय आत जाईपर्यंत बाबा बघत राहिले, मग भिंतीला पाठ लावून खाली बसले. सुलाबाईंनी त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या दिला. नागेश टाळी वाजवणार होता, पण एका बाईने त्याचा हात धरला.

ऊन कलायच्या आत टेम्पो भरून गेला. नवा आडोसा मखमलसकट पेटीत ठेवला गेला आणि या वेळी बाबांनी जाळीच्या चारही क्लिपा दोनदा तपासल्या.

मित्रांनो, आता मी खिडकीत असतो. पांढरा आहे, कोरडा आहे. बाबा येता-जाता माझी पाठ चोळतात. मला वाईट वाटत नाही असे नाही. पण माझ्यावर चुना कुणी रागाने लावला नव्हता. तुम्हाला मी एवढेच मागतो. तुम्ही कुणासाठी, मग तो कोळी असो, कुत्रा असो की घरातले म्हातारे माणूस असो, जागा नीट करायला निघालात, तर आधी दोन दिवस नुसते बघा. तो कुठे टेकतो, कशाला बिचकतो, अंधार मागतो की उजेड. तुमच्या डोळ्यांना सुंदर दिसणे ही त्याची गरज नसते.

मागच्या आठवड्यात मखमलने नव्या आडोशाच्या तोंडाला पांढऱ्या धाग्याचा पडदा विणला. राजेश्रीताईंनी फोनवर सांगितले की ती कात टाकणार आहे, महिनाभर तिला आणि आडोशाला मुळीच हलवू नका. पेटीच्या ओलाव्याने आडोशाची एक बाजू जराशी खचली आहे. बाबांनी तिथे बाहेरून एक काडी टेकवली आहे. तो भाजण्यासाठी गोवऱ्या आणून, रचून ठेवल्या आहेत. पण घाईत तो कच्चाच ठेवला होता आणि आत ती आहे, त्यामुळे तो अजून भाजायचा राहिला आहे.